फाइल आपली, पण ताबा कोणाचा?

चौदा एप्रिलला पाथरीच्या चौकाचौकांत लागलेले फ्लेक्स मे महिना सरेपर्यंत जागेवर राहत नाहीत. काही वाऱ्याने फाटतात, काही उतरवले जातात, आणि उरलेले पावसाळ्यात पत्र्याच्या घरांवर गळती अडवायला अंथरले जातात. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. फ्लेक्स तेवढ्यापुरताच असतो, आणि गरिबाच्या घराची गळती थांबवत असेल तर तो मेल्यावरही कामाला आला म्हणायचे. आमचा प्रश्न फ्लेक्सचा नाही. ज्या फाइलवरून तो छापला, त्या फाइलचा आहे. ती फाइल आज कुठे आहे, असे आपापल्या गावातल्या जयंती मंडळाला विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : “फ्लेक्सवाल्याकडे असेल.”

या ‘असेल’वर चळवळीचे किती काम टांगलेले आहे याचा हिशोब कधीतरी मांडला पाहिजे. जयंतीचे बॅनर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सहलीची पत्रके, बावीस प्रतिज्ञांचे भिंतीवर लावायचे कागद, गायरानाच्या मोर्चाची हाक, शिष्यवृत्ती अडली म्हणून तहसीलसमोर बसलेल्या मुलांचे फलक, शोकसभेचा फोटो : हे सगळे गेल्या वीस वर्षांत संगणकावर आणि आता मोबाइलवर तयार झाले. कोणी कोरल ड्रॉमध्ये केले, कोणी फोटोशॉपमध्ये, कोणी कॅनव्हावर, कोणी बसल्या जागी पिक्सेललॅबमध्ये अंगठ्याने केले. हे सगळे नीट जतन करणे, योग्य प्रकारात एक्सपोर्ट करणे आणि त्याचा बॅकअप ठेवणे हा विषय संगणकाच्या क्लासमधला वाटतो. आमचे म्हणणे असे की तो क्लासमधला विषय नाही, ताब्याचा विषय आहे. मूळ प्रत ज्याच्या हातात, शब्दांवर शेवटचा अधिकार त्याचा. आणि हे आम्ही आमच्या मनाने सांगत नाही, बाबासाहेबांच्या व्यवहारातून शिकून सांगतो आहोत.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या परिषदेचे अध्यक्षपद दिले. अध्यक्षीय भाषण आधी छापायचे होते. खर्च वाचेल म्हणून ते लाहोरला छापावे अशी मंडळाची इच्छा होती. बाबासाहेबांनी ते मान्य केले नाही. छपाई मुंबईतच होईल असा आग्रह त्यांनी धरला. पुढे मजकूर पाहून मंडळ बिचकले, काही भाग गाळावा म्हणू लागले. बाबासाहेबांनी उलट कळवले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. पण भाषण रद्द झाले नाही, कारण छापलेला मजकूर त्यांच्या स्वतःच्या ताब्यात होता. त्याच वर्षी त्यांनी ते पुस्तकरूपाने स्वतः प्रसिद्ध केले. पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती सुमारे दोन महिन्यांत संपली. आज जगभर जे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ वाचले जाते ते हेच न झालेले भाषण. आता विचार करा : छपाई लाहोरला असती, खिळे लाहोरला जुळले असते आणि प्रूफ मंडळाच्या टेबलावर असते, तर? छपाई कुठे होणार हा दिसायला पैशांचा आणि सोयीचा प्रश्न होता. बाबासाहेबांनी त्याला तसा मानला नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, कुठे ते भाषण आणि कुठे आमच्या मंडळाचे पत्रक. पण प्रश्न तोच आहे, आकार तेवढा लहान. पाथरीत आम्ही गायरानाच्या प्रश्नावर एक पत्रक काढायला दिले होते. कसणाऱ्याच्या नावे जमीन करा ही मागणी त्यात स्पष्ट लिहिली होती. छापून आलेल्या गठ्ठ्यात नेमकी तीच ओळ नव्हती. विचारले तर उत्तर मिळाले, “वाद नको म्हणून काढली, बाकी सगळं तसंच आहे.” मग आम्ही म्हटले, फाइल द्या, दुसरीकडे छापून घेतो. त्यावर, “फाइल देत नसतो, सेटिंग आमची आहे.” मजकूर आमचा, वर्गणी आमची, खाली नाव आमचे, आणि फाइल मात्र त्याची! ती ओळ आम्ही शेवटी निळ्या पेनाने प्रत्येक पत्रकावर हाताने लिहिली आणि मगच गठ्ठे वाड्या-वस्त्यांवर गेले. तेव्हापासून आमच्यापुरता एक नियम झाला : मूळ फाइल हातात आल्याशिवाय उरलेले पैसे द्यायचे नाहीत, आणि हे काम देतानाच बोलून घ्यायचे.

यात सगळ्या डीटीपीवाल्यांना आणि फ्लेक्सवाल्यांना खलनायक करायचा आमचा हेतू नाही. त्यातले कितीतरी आपलीच पोरे आहेत. एप्रिलमध्ये रात्र-रात्र जागून काम उरकतात, उधारीही सांभाळतात. पण त्यांच्या संगणकात लग्नपत्रिका, वाढदिवस, निवडणूक, दुकानांची उद्घाटने असे सगळे एकाच हार्ड डिस्कमध्ये कोंबलेले असते. जागा भरली की आधी जुने काम उडवले जाते. व्हायरस आला की संगणक फॉरमॅट होतो. दुकान बंद पडले की संगणक भंगारात जातो. चळवळीचा इतिहास जपणे हे त्यांचे काम नाही, ते आपले काम आहे. आपले काम दुसऱ्याच्या दुकानात ठेवून आपण निश्चिंत राहणार असू, तर नंतर तक्रार कोणाकडे करायची?

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली आहे. नामांतराच्या लढ्यातली पत्रके मराठवाड्यात आजही कुठे कुठे सापडतात. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या पंधरा-सोळा वर्षांतली खिळ्यांवर छापलेली, कडा झिजलेली, वाळवीने अर्धवट खाल्लेली पत्रके ट्रंकेच्या तळाशी, जुन्या वहीत घडी घालून ठेवलेली असतात. कागद पिवळा पडला तरी तो वाचता येतो. उलट २००८ सालची बॅनरची फाइल आज उघडायला गेलात तर अक्षरांच्या जागी कचरा दिसतो. कागदाने चाळीस वर्षे साथ दिली आणि संगणकाच्या फाइलने पंधरा वर्षेही दिली नाही, असे का व्हावे?

कारण साधे आहे. आपल्याकडच्या डिझाइनच्या कामात वर्षानुवर्षे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे जुने फॉन्ट वापरले गेले. या फॉन्टमध्ये ‘भी’ हे अक्षर संगणकाच्या लेखी ‘भी’ नसते, इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागेवर बसवलेले ते एक चित्र असते. तो फॉन्ट संगणकात नसेल तर ‘जय भीम’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि ठिपके उमटतात. शिवाय एका कंपनीच्या फॉन्टमधले जुळवणे दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये चालत नाही. युनिकोडने हा घोळ मिटवला. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कुठल्याही फोनवर, कुठल्याही संगणकावर मराठीच राहतो, शोधता येतो, कॉपी करता येतो. मुक्ता, बलू असे चांगले युनिकोड फॉन्ट आता फुकट आणि खुल्या परवान्यावर मिळतात. तरीही बॅनरवरचे जाड, वळणदार अक्षर हवे म्हणून जुनेच फॉन्ट चालू राहतात. वापरा, हरकत नाही. पण मजकुराची एक युनिकोड प्रत वेगळी ठेवा. डिझाइन हरवले तर पुन्हा करता येते. मजकूर हरवला तर मोर्चाची मागणी काय होती हेच सांगता येत नाही.

दुसरे कारण सॉफ्टवेअरचे. कोरल ड्रॉच्या नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून दुकानदार खालच्या आवृत्तीत सेव्ह करून मागतो. उद्या ते सॉफ्टवेअर घ्यायला पैसे नसतील तर आपलीच फाइल आपल्याला परकी होते.

“आता सगळं ऑनलाइन आहे, हरवायचा प्रश्नच नाही,” असे तरुण मित्र सांगतात. त्यांना दोन तारखांची आठवण करून देतो. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झाले. त्या काळात शहरांत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी तिथे गट चालवले होते, वाद घातले होते, फोटो चढवले होते. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने एका आदेशाने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते. खेड्यापाड्यांतल्या भीमगीते गाणाऱ्या, नाचणाऱ्या, बोलणाऱ्या मुलामुलींचे व्हिडिओ त्यावर होते. आणि त्याच यादीत कॅमस्कॅनरही होते, ज्यावर अनेकांनी आपली कागदपत्रे आणि जुनी पत्रके स्कॅन करून ठेवलेली. बंदी योग्य होती की अयोग्य हा वेगळा वाद आहे. मुद्दा असा की तो निर्णय घेताना आपल्याला कोणी विचारले नव्हते, आणि पुढच्या वेळीही विचारणार नाही. आपण तिथले मालक नव्हतो, भाडेकरूही नव्हतो. फुकट राहणारे होतो.

कॅनव्हाचेही तसेच. ते चांगले आहे, शिकायला सोपे आहे, त्यामुळे लॅपटॉप नसलेली मुलेही सुबक काम करू लागली. विशेषतः घरातून बाहेर पडून दुकानात बसण्याची मुभा नसलेल्या मुली मोबाइलवर उत्तम डिझाइन करतात, हे आम्ही पाहतो आहोत. पण कॅनव्हावरचे डिझाइन त्या खात्यातच राहते, त्याची पुन्हा हवी तशी बदलता येईल अशी मूळ फाइल आपल्या डिस्कवर येत नाही. खाते कोणाचे? बहुधा एका पोराचे, त्याच्या खासगी मेलवर. तो बारावी झाला, पुण्याला कंपनीत लागला, नंबर बदलला, पासवर्ड विसरला, की मंडळाचे पाच वर्षांचे काम कुलूपबंद. गुगलचा नियम आहे की दोन वर्षे न वापरलेले खाते ते काढून टाकू शकतात. फुकट मिळणारी पंधरा जीबी जागा फोटो, मेल आणि व्हॉट्सॲपच्या बॅकअपनेच भरते. पिक्सेललॅबच्या प्रोजेक्ट फाइली फोनमध्ये असतात, फोन पाण्यात पडला की त्याही गेल्या. आणि व्हॉट्सॲप तर जपण्याची जागाच नाही. तिथे फोटो म्हणून पाठवलेले पोस्टर दाबून लहान केले जाते. चार गटांतून फिरून आलेले ते चित्र छापायला दिले की बाबासाहेबांच्या चष्म्याच्या कडा फुटलेल्या दिसतात.

मग करायचे काय? आपल्या परंपरेत याचे उत्तर फार जुने आहे. सम्राट अशोकाने आपला संदेश एका खडकावर कोरून समाधान मानले नाही. तेच शिलालेख त्याने गिरनारपासून कालसीपर्यंत, धौलीपासून शाहबाझगढीपर्यंत कोरवले, त्या त्या भागात चालणाऱ्या लिपीत कोरवले. कुठे ब्राह्मी, कुठे खरोष्ठी, वायव्य सीमेकडे ग्रीक आणि अरामाइकसुद्धा. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला त्यातल्या आठव्या आणि नवव्या लेखाचे केवळ तुकडे सापडले. पहिला तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला, दुसरा १९५६ मध्ये. जगात एवढे तुकडेच असते तर त्यावरून पूर्ण लेख कोणालाच लावता आला नसता. पण त्याच लेखांच्या प्रती इतर ठिकाणी शाबूत आहेत, म्हणून सोपाऱ्याचे फुटके दगडही वाचता येतात. एक फुटला तरी दुसरा बोलतो. आज ज्याला बॅकअप म्हणतात तो याहून वेगळा काय आहे?

तिपिटकाचेही तेच. पिढ्यान्‌पिढ्या भिक्खूंनी ते मुखोद्गत ठेवले. पण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ आणि युद्धाने भिक्खूच मरू लागले, तेव्हा ते ताडपत्रावर उतरवले गेले. त्यांनी आठवणीवरचा भरवसा पुरेसा मानला नाही. दुष्काळाच्या मराठवाड्यातल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि बाबासाहेबांच्या स्वतःच्या कागदांचे काय झाले? १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे पुस्तकांचे सामान ज्या जहाजातून येत होते ते पहिल्या महायुद्धात पाणबुडीने बुडवले. महापरिनिर्वाणानंतर त्यांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे कायद्याच्या कस्टडीत पेट्यांमध्ये पडून राहिली. वसंत मून यांच्यासारख्या माणसाने जिवापाड खटपट केली, राज्य शासनाची समिती झाली, आणि १९७९ पासून ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’चे खंड येऊ लागले. त्यातले प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांतीवरचे लेखन आज आपण अपूर्ण अवस्थेत वाचतो. पुढे हे खंड छापण्याचेही काम असे रेंगाळले की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तरीही पाथरीतला मुलगा आज ते खंड वाचू शकतो, कारण कोणीतरी त्यांच्या पीडीएफ केल्या आणि त्या खुल्या ठेवल्या. छापील प्रती गोदामात अडकतात, दुकानात मिळत नाहीत, महाग पडतात. पीडीएफ हजार फोनमध्ये असते. सरकारच्या मर्जीवर न थांबता वाचन चालू राहिले ते यामुळे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत रेल्वे स्थानकाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरचा बंद, धरपकड, आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना झालेला सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू हे सगळे आपण पाहिले आहे. कायदा शिकणारा आपला एक तरुण गेला. त्या दिवसांत गावोगाव पत्रके निघाली, निषेधाची पोस्टर्स झाली, निवेदने तयार झाली, आदरांजलीचे बॅनर लागले. पाथरी, मानवत, सेलू, सोनपेठ, कुठल्या गावाने कोणत्या शब्दांत काय मागितले, हे पुढे कोणी विचारले तर आपण काय दाखवणार? दहा वर्षांनी कोणी लिहील की लोक नुसतेच चिडले होते. त्यांच्या मागण्या कायद्याच्या भाषेत होत्या, त्यांनी संविधानाचा आधार घेऊनच न्याय मागितला होता, याचा पुरावा त्या पत्रकांत आहे. ती पत्रके ‘फ्लेक्सवाल्याकडे असतील’ म्हणून सोडून देणे परवडणारे नाही.

संविधानाची प्रतिकृती फोडता येते, संविधान फोडता येत नाही. ते देशभर कोट्यवधी हातांत आहे, हे जसे त्याचे नैतिक बळ तसे व्यावहारिक बळही आहे. हस्तलिखित मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात हवाबंद पेटीत जपलेली आहे, आणि तिच्या शिलामुद्रित प्रती सुरुवातीलाच डेहराडूनला काढल्या गेल्या. मूळ प्रत सांभाळायची आणि प्रती पसरवायच्या, ही दोन्ही कामे देशाने केली. आपल्या चळवळीच्या कागदांसाठी ती आपण करायची आहेत.

आमच्या गटात आम्ही जी पद्धत ठेवली आहे ती सांगतो. तिला पैसे फारसे लागत नाहीत, शिस्त लागते.

काम पूर्ण झाले की त्याच दिवशी एक फोल्डर करायचा. नावात आधी तारीख, मग गाव, मग विषय : २०२५-०४-१४-पाथरी-जयंती-मिरवणूक. तारीख वर्षापासून लिहिली की सगळे काम आपोआप क्रमाने लागते. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘एकदम फायनल’ अशी नावे चालणार नाहीत. त्या फोल्डरमध्ये पाच गोष्टी : मूळ फाइल, वापरलेले फॉन्ट, मूळ फोटो, एक्सपोर्ट केलेल्या प्रती, आणि युनिकोडमधला साधा मजकूर. कोरल ड्रॉमध्ये ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ ही सोय आहे, ती फाइलसोबत लागणाऱ्या गोष्टी एका ठिकाणी गोळा करून देते. मजकुराच्या शेवटी कोणी लिहिले, कोणी डिझाइन केले, किती प्रती छापल्या, कुठे वाटल्या, एवढे चार ओळींत लिहायचे. कापडी बॅनर रंगवणाऱ्या आपल्या जुन्या पेंटर मंडळींची नावे आज कोणाला आठवत नाहीत. आता करणाऱ्यांची, त्यात मुलींची, तशी पुसली जायला नकोत.

एक्सपोर्ट करताना हेतू पाहायचा. छापण्यासाठी पीडीएफ. फोनवर पाठवण्यासाठी पीएनजी. जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह करायची नाही, दर वेळी ती थोडी खराब होते. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. दुकानात देण्यासाठी अक्षरे कर्व्ह करून घ्यायची, म्हणजे फॉन्ट नसला तरी अक्षर बदलत नाही आणि सहजासहजी ओळही गाळता येत नाही. पण कर्व्ह न केलेली प्रत आपल्याकडे वेगळी ठेवायची, नाहीतर पुढच्या वर्षी तारीखसुद्धा बदलता येणार नाही. कॅनव्हावर काम केले तर पीडीएफ आणि पीएनजी त्याच दिवशी उतरवून घ्यायची, पिक्सेललॅबची पीएलपी फाइल फोनमधून बाहेर काढायची.

मग तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर. हा जगभर वापरला जाणारा साधा नियम आहे. एक प्रत काम करणाऱ्याच्या संगणकात किंवा फोनमध्ये, दुसरी मंडळाच्या हार्ड डिस्कवर, तिसरी ऑनलाइन किंवा दुसऱ्या शहरातल्या विश्वासू साथीकडे. गोदाकाठच्या गावांत पाणी शिरते तेव्हा कपाट वाचत नाही. एका घरात ठेवलेल्या दोन प्रती एकाच रात्री जातात. कारवाईत जप्त झालेला मोबाइल कधी परत मिळेल सांगता येत नाही. आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले गेले, निदान एक प्रत तरी आपण आपल्या मर्जीने गावाबाहेर ठेवू.

ऑनलाइन खाते कोणा एकाच्या नावाचे नको, मंडळाच्या नावाचे हवे. पासवर्ड दोघांना माहीत असावा, त्यातली एक बाई असेल तर उत्तम, कारण पोरे कामधंद्यासाठी बाहेर पडतात आणि गावातले काम बायाच टिकवतात. कार्यकारिणी बदलली की वर्गणीचा हिशोब जसा नव्या लोकांच्या हाती देतो तसा पासवर्ड आणि हार्ड डिस्क सही घेऊन द्यायची. जे जाहीर आहे, म्हणजे पत्रके, पोस्टर्स, अंक, ते इंटरनेट अर्काइव्हसारख्या खुल्या ठिकाणीही चढवायला हरकत नाही. पण अत्याचाराच्या प्रकरणातल्या फिर्यादीचे, साक्षीदाराचे नाव, पत्ता, फोन नंबर ज्यात आहे ते वेगळ्या बंद फोल्डरमध्ये. ते खुले करायचे नाही, कोणी कितीही मागितले तरी. आणि घटनेचा मूळ व्हिडिओ किंवा फोटो असेल तर त्याला हात लावायचा नाही. पोस्टरसाठी त्याची कॉपी वापरायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुरावा प्रमाणपत्रासह द्यावा लागतो. मूळ फाइल जशीच्या तशी असेल तर वकिलाचे काम सोपे होते.

आणि शेवटची गोष्ट, जी सगळे विसरतात : ठेवलेली प्रत उघडून पाहायची. बॅकअप घेतला एवढ्याने भागत नाही, त्यातून फाइल परत उघडली पाहिजे. त्यासाठी आम्ही ३१ जानेवारी हा दिवस धरला आहे. १९२० साली त्या दिवशी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्या दिवशी हार्ड डिस्क जोडायची, मागच्या वर्षाचे फोल्डर उघडायचे, जे उघडत नाही त्याची यादी करायची. जमल्यास एखाद्या ज्येष्ठाच्या ट्रंकेतली दहा जुनी पत्रकेही त्याच दिवशी स्कॅन करून घ्यायची. पत्रके त्यांच्या घरीच राहू द्यायची, आपण फक्त प्रत घ्यायची.

यावर एक आक्षेप आम्हाला नेहमी ऐकू येतो. “लढाई रस्त्यावर आहे, तुम्ही फाइली कसल्या लावत बसलात?” रस्त्यावरच्या लढाईला आमचा विरोध असायचे कारण नाही, आम्हीही तिथेच असतो. पण रस्त्यावरच्या लढाईबरोबरच बाबासाहेब वर्तमानपत्र काढत होते, छापखाना उभा करत होते, साउथबरो समितीपुढे, सायमन कमिशनपुढे कागद घेऊन जात होते. त्यांच्या विरोधकांना त्यांच्या मोर्चाइतकीच त्यांच्या कागदांची भीती वाटत असे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, तेव्हा तिथल्या बुद्धभूषण छापखान्याच्या वास्तूसाठी हजारो लोक रस्त्यावर आले. ते विटा-मातीसाठी आले नव्हते. आपले शब्द आपण जिथे छापत होतो ती जागा गेली म्हणून आले होते. आज तो छापखाना तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. बाबासाहेबांना त्यासाठी जागा, यंत्र, खिळे, कामगार, कर्ज सगळे उभे करावे लागले. आपल्याला फक्त एक फोल्डर करायचा आहे, आणि तेवढाही आपण करणार नसू तर छापखान्याच्या नावाने घोषणा देण्याचा अधिकार आपल्याला किती उरतो, याचा विचार प्रत्येक मंडळाने करावा.

दुसरा आक्षेप असा की पोस्टर एका दिवसाचे, त्यात इतिहास कसला? इतिहास असाच असतो. ज्यांच्या हातात राज्य होते त्यांनी ताम्रपट आणि बखरी ठेवल्या. ज्यांना लिहू दिले नाही त्यांच्याबद्दल इतरांनी लिहिले, आणि काय लिहिले ते आपण वाचतोच. आपल्या लोकांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या भाषेत काढलेला कागद म्हणजे ही पत्रके आहेत. त्यात शुद्धलेखनाच्या चुका असतील, रंग भडक असतील, फोटोंची गर्दी असेल. तरीही पाथरीसारख्या तालुक्याच्या गावात दलित-बौद्ध वस्तीने कोणत्या वर्षी काय मागितले, कोणाचा निषेध केला, कोणाला अभिवादन केले, हे याच्याइतके सरळ दुसरे काहीही सांगत नाही.

येत्या जयंतीची वर्गणी जमा होईल तेव्हा फ्लेक्स, डीजे, मंडप यांच्या खर्चाच्या यादीत एक हार्ड डिस्कही लिहा. एका मोठ्या फ्लेक्सच्या पैशांत ती येईल. आणि फ्लेक्सवाल्याला काम देताना पहिल्यांदाच सांगा : छपाई तुमची, फाइल आमची.

जय भीम.